स्वस्त आरसी रणगाडा सुधारताना: आधी काय, मग काय

हेंगलाँग कंपनीचा १/१६ आकाराचा रिमोटचा रणगाडा खोक्यातून काढून फरशीवर सोडला की पहिला अर्धा तास झकास जातो. नंतर उणिवा दिसू लागतात. प्लॅस्टिकचे पट्टे पोकळ वाजतात, गाडी कागदाची असल्यासारखी टुणटुण उडते आणि इंजिनाचा आवाज जुन्या ट्रान्झिस्टरमधून आल्यासारखा वाटतो. मग बहुतेक जण पहिली वस्तू मागवतात ती धातूच्या पट्ट्यांची जोडी. दिसायला भारी, हाताला जड, शिवाय तासाभरात बसतात. आणि महिन्याभरात गिअरबॉक्समधून ‘कडकड’ असा आवाज येऊ लागतो.

यात दोष पट्ट्यांचा नाही, क्रमाचा आहे. रणगाडा म्हणजे एक साखळी: बॅटरी, बोर्ड (रिमोटचा हुकूम मोटरीला पोचवणारं सर्किट), मोटर, गिअर, स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक), पट्टा, जमीन. एका टोकाला वजन वाढवलं की त्याचा ताण सगळ्या कड्यांमधून फिरतो आणि सगळ्यात कच्ची कडी तुटते. त्यामुळे गिअर आधी, पट्टे नंतर आणि रंग सगळ्यात शेवटी. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, कारण गिअर दिसत नाहीत आणि रंग दिसतो. पण रंगवून झालेल्या गाडीचं पोट उघडून गिअरबॉक्स बदलणं म्हणजे लग्नाच्या शालूवर फोडणी देण्यासारखं आहे.

उदाहरणासाठी आपण हेंगलाँगचा टी-९० घेऊ. भारतीय लष्करात हाच रणगाडा ‘भीष्म’ नावाने आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांना तो करायचा असतो. टायगर, शर्मन किंवा लेपर्ड असेल तरी तत्त्वं तीच लागू होतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

वजन आणि वेग

खरा टी-९० बंदुकीची नळी सोडून ६.८६ मीटर लांब आहे. त्याला १६ ने भागलं की साधारण ४३ सेंटिमीटर येतात. वजनाचा हिशोब मात्र असा सरळ भागाकाराचा नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १६ पटीने घटतात, म्हणून वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ पटीने घटतं. साडेसेहेचाळीस टनांचे होतात सव्वाअकरा किलो. बाजारातलं प्लॅस्टिकचं मॉडेल याच्या निम्म्यालाही पोचत नाही, म्हणून ते दगडावरून जाताना डुलत नाही, उडतं. वजन वाढवावंसं वाटतं ते यामुळेच, आणि ते वाटणं बरोबर आहे.

वेगाचंही तसंच. रस्त्यावर ६० किलोमीटर वेगाने जाणारा टी-९० या मापात सेकंदाला साधारण एक मीटर जायला हवा. फरशीवर पाच मीटरच्या खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. पाच सेकंद लागले तर गाडी खऱ्या मापात पळते आहे. टायगरचा वेग ताशी ४० धरला तर त्याच अंतराला सात सेकंद यायला हवेत. तुमची गाडी तीन सेकंदांत पोचत असेल तर तिला जास्त वेगाची नाही, कमी वेगाच्या गिअरची गरज आहे. संथ गिअर म्हणजे जास्त ओढ आणि कमी करंट. रणगाड्याच्या छंदात वेग कमी करायला पैसे मोजावे लागतात, हे नव्या माणसाला पटायला थोडा वेळ लागतो.

गिअरबॉक्स

प्रत्येक बाजूला एक मोटर आणि तिचा स्वतंत्र गिअरबॉक्स असतो. डावा पट्टा डाव्या मोटरवर, उजवा उजव्यावर. वळताना एक बाजू संथ होते किंवा थांबते. जागच्या जागी फिरताना दोन्ही बाजू उलट दिशेने फिरतात आणि जमिनीला टेकलेला पूर्ण पट्टा आडवा घासला जातो. सगळ्यात जास्त ताण येतो तो याच वेळी, त्यातही गालिच्यावर. प्लॅस्टिकचा गिअर बहुधा इथेच दात टाकतो.

घेताना खोक्यावरचा तपशील नीट वाचा. एकाच मॉडेलच्या साध्या आणि ‘अपग्रेड’ अशा वेगवेगळ्या आवृत्त्या विकल्या जातात. काहींत गिअर आधीच स्टीलचे असतात, काहींत पट्टे धातूचे असूनही गिअर साधेच. चित्रावरून कळत नाही, विक्रेत्याला सरळ विचारावं.

बदली गिअरबॉक्स घेताना तीन गोष्टी जुळवून पाहा: गुणोत्तर, अ‍ॅक्सलची बाहेर आलेली लांबी आणि स्क्रूच्या भोकांची जागा. गिअरबॉक्स सहसा ३:१, ४:१ किंवा ५:१ अशा नावाने मिळतात. मोठा आकडा म्हणजे संथ चाल. धातूचे पट्टे नक्की घालायचे असतील तर ४:१ च्या खाली जाऊ नका. अ‍ॅक्सलची लांबी प्रत्येक मॉडेलला वेगळी असते. जुना गिअरबॉक्स काढून व्हर्नियरने मोजा आणि मगच मागवा. पाच मिलिमीटरचा फरक पडला तर स्प्रॉकेट हलच्या, म्हणजे गाडीच्या धडाच्या, भिंतीला घासतं किंवा पट्ट्याच्या रेषेबाहेर जातं.

नवा गिअरबॉक्स आला की लगेच बसवायचा नाही. आधी उघडा. आत बहुतेक वेळा काळसर ग्रीस आणि त्यात धातूचा बारीक चुरा असतो. तो पेट्रोलने नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढा. सुकल्यावर दातांवर लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. थापलेलं ग्रीस धूळ धरतं आणि ती धूळच पुढे पॉलिश पेपरचं काम करते.

मग मोटरच्या टोकाचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, आणि त्याला लागून असलेला मोठा गिअर यांच्यातली फट पाहा. फार घट्ट असेल तर मोटर तापते, फार सैल असेल तर दात घसरतात. युक्ती साधी आहे. मोटरचे स्क्रू ढिले करा, दोन गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी ठेवा, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून कागद बाहेर काढा. कागद चुरगळून यावा, फाटून येऊ नये. इथे एक जुना सापळा आहे: मूळ स्क्रू हरवला म्हणून दुसरा लांब स्क्रू लावला तर तो मोटरच्या आत शिरून वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, टेकतो. मोटर फिरत नाही, फक्त तापते, आणि माणूस बोर्डाला दोष देत बसतो.

शेवटी गिअरबॉक्स बाहेरच ठेवून एकाच लिथियम सेलवर, म्हणजे ३.७ व्होल्टवर, वीस मिनिटं एका दिशेने आणि वीस मिनिटं उलट चालवा. दात एकमेकांत बसतात आणि आवाज हळूहळू मऊ होतो. चाळीस मिनिटांनंतरही एका फेरीत एकदा ‘टक’ वाजत असेल तर एखाद्या दातावर बर, म्हणजे धातूची बारीक उरलेली कड, आहे. तो दात शोधून बारीक कानशीने घासा.

मोटरच्या दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्यापर्यंत एकेक, असे एकूण तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. माप ०.१ मायक्रोफॅरड, वर ‘१०४’ लिहिलेलं असतं. दोन-पाच रुपयांची वस्तू आहे. ब्रशच्या ठिणग्यांमुळे होणारा विजेचा गोंगाट त्याने कमी होतो. तो गोंगाट राहिला तर नळी थरथरते, आवाज अडखळतो आणि कधी बोर्ड मधेच पुन्हा सुरू होतो. काही मोटरींना हे कपॅसिटर आधीच असतात, म्हणून लावण्याआधी पाहून घ्या.

गिअरबॉक्स हलमध्ये बसवताना प्लॅस्टिकच्या खांबांत स्क्रू पूर्ण ताकदीने आवळू नका. खांब चिरतो आणि ती चीर लगेच दिसत नाही. जागा असेल तिथे आरपार भोक पाडून एम३ बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक नट लावावा. धातू-धातूच्या जोडाला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) चालतं, पण प्लॅस्टिकजवळ ते अजिबात नेऊ नका. त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

बॅटरी आणि तारा

गाडीबरोबर येणारा ७.४ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक हलक्या गाडीला पुरतो. वजन वाढलं की वळताना त्याचा व्होल्टेज कोसळतो, बोर्ड क्षणभर बंद पडतो आणि गाडी पुन्हा ‘इंजिन स्टार्ट’चा आवाज काढते. अनेकांना वाटतं रिमोटची रेंज गेली. प्रत्यक्षात बॅटरीचा दम गेलेला असतो.

उपाय म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्टचीच, पण जास्त करंट देऊ शकणारी लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. ३,००० ते ५,००० एमएएच आणि २५सी (म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट देण्याची ताकद) एवढं भरपूर झालं. बॅटरीच्या कप्प्याची लांबी-रुंदी-उंची मोजल्याशिवाय घेऊ नका. कडक कवचाची घ्या, कारण हलच्या आत स्क्रूची टोकं वर आलेली असतात. सरासरी दोन अँपिअर धरले तर ४,००० एमएएचवर हिशोबाने दोन तास मिळतात. प्रत्यक्षात दीड तास धरून चाला, कारण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते.

तीन सेलच्या, ११.१ व्होल्टच्या बॅटरीचा मोह टाळा. पूर्ण भरल्यावर ती १२.६ व्होल्ट देते. मूळ बोर्ड ७.४ साठी बनवलेला असतो. गाडी दोन मिनिटं वाऱ्यासारखी पळेल आणि नंतर आतून जळका वास येईल.

लायपोचे नियम थोडेच आहेत, पण ते मोडायचे नसतात. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ३.० च्या खाली कधीच नाही, आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८. गाडीत व्होल्टेज घसरला की वाजणारा छोटा बझर लावा आणि तो ३.५ वर ठेवा. ताणाखाली व्होल्टेज खाली जातो, म्हणून हे थोडं राखून ठेवलेलं बरं. सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरनेच चार्ज करा आणि गाडीतून बाहेर काढून करा. फुगलेली बॅटरी म्हणजे संपलेली बॅटरी. अजून एकदा वापरू, असं म्हणू नका.

मूळ पांढरं टॅमिया कनेक्टर जास्त करंटला गरम होतं आणि पिवळं पडतं. त्याजागी एक्सटी६० लावा. तारा २० गेजच्या सिलिकॉन आवरणाच्या घ्या आणि धन तारेवर १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज घाला, मोटारीत असतो तसा. पट्ट्यात खडा अडकून मोटर जागीच थांबली तर फ्यूज जातो आणि बोर्ड वाचतो. हे सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं. बॅटरी तर इथेच घ्यावी, परदेशातून विमानाने मागवणं कटकटीचं असतं.

आता पट्टे

धातूचे पट्टे एकटे घेऊ नका. स्प्रॉकेट आणि आयडलर (स्प्रॉकेटच्या विरुद्ध टोकाचं, पट्टा ताणून धरणारं चाक) हेही धातूचेच घ्या, आणि शक्यतो तिन्ही एकाच कंपनीचे. धातूचा पट्टा प्लॅस्टिकच्या स्प्रॉकेटचे दात काही तासांत खातो. दोन कंपन्यांच्या पट्ट्यांमध्ये कड्यांचं अंतर पाव मिलिमीटरने जरी वेगळं असलं तरी दहा-बारा कड्यांत ते साठतं आणि पट्टा दातांवर चढतो.

नव्या पट्ट्यांवर रंग, तेल आणि ओतकामाच्या कडा असतात. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सुकवा आणि एकेक सांधा हाताने हलवून पाहा. अडकणारा सांधा म्हणजे पुढे पट्टा पडण्याचं ठिकाण. तिथली पिन काढून भोकातला रंग खरवडा. पिन एकाच बाजूने निघते. उलट बाजूने ठोकली तर कडीचा कान मोडतो, म्हणून आधी हलक्या हाताने ठोकून दिशा ओळखा.

ताण किती असावा, यावर बरीच भांडणं होतात. टी-९०, टी-७२ यांना वर तीन रिटर्न रोलर, म्हणजे वरच्या पट्ट्याला आधार देणारी छोटी चाकं, असतात, तिथे रोलरच्या मधे पट्टा पाच-सहा मिलिमीटर झुकला तर पुरे. टायगर आणि टी-३४ यांना रोलरच नाहीत, त्यांचा वरचा पट्टा चाकांवर टेकायलाच हवा. घट्ट ताणलेला पट्टा दिसायला नीटनेटका असतो, पण तो अ‍ॅक्सल वाकवतो आणि मोटरीचा अर्धा जोर स्वतःच खातो. दोन्ही बाजूंच्या कड्या मोजा. एकीकडे एक कडी जास्त राहिली की गाडी सतत एका अंगाला ओढते.

पट्टा का पडतो, हे समजायचं तर स्प्रॉकेट पुढे आहे की मागे ते पाहा. टी-९० चं स्प्रॉकेट मागे आहे. पुढे जाताना ते खालचा पट्टा मागे खेचतं. खालची बाजू ताणली जाते आणि सगळी ढील वर जमून पुढच्या आयडलरकडे ढकलली जाते. म्हणून पुढे जाताना वळलं की पट्टा आयडलरवरून उतरतो. उलट नेताना वरची बाजू ताणली जाते आणि ढील स्प्रॉकेटच्या खाली जमते. तेव्हा जोरात वळलं की पट्टा स्प्रॉकेटवरून जातो. टायगर, पँथर, शर्मन यांचं स्प्रॉकेट पुढे असल्यामुळे हे गणित उलटं होतं. म्हणजे पट्टा कुठे उतरला हे पाहिलं की दोष कुठे शोधायचा ते कळतं.

दोष बहुतेक वेळा रेषेचा असतो. गाडी उलटी ठेवून स्टीलची पट्टी स्प्रॉकेट, चाकं आणि आयडलर यांच्या मध्यरेषेवर धरा. कुठलंही चाक एक मिलिमीटरहून जास्त आत-बाहेर असेल तर मागे पातळ वॉशर घालून किंवा काढून ते सरळ करा. आयडलरचा अ‍ॅक्सल प्लॅस्टिकच्या भोकात असेल तर जड पट्ट्याने तो आतल्या बाजूला झुकतो. तिथे पितळी बुश घाला किंवा धातूचा ताणक बसवा. हे न करता फक्त पट्टा अजून ताणत राहणारे बरेच भेटतात. पट्टा पडायचा थांबतो खरा, पण तो ताण शेवटी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

पट्ट्यांचं वजन जवळपास किलोभर वाढतं, ते मुख्यतः खाली वाढतं, आणि गाडी पहिल्यांदा रणगाड्यासारखी चालते. इतक्या खटाटोपाचं मोल इथे मिळतं. गवतावर चालवून आल्यावर स्प्रॉकेटभोवती गुंडाळलेली पाती आणि केस ब्लेडने काढायला विसरू नका. समुद्रकिनाऱ्याची वाळू मात्र टाळा. हे पट्टे जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, खाऱ्या ओलाव्याने त्यांवर पांढरी भुकटी येते आणि सांधे जाम होतात.

पाठ बसली की स्प्रिंग पाहा

वजन वाढल्यावर गाडी सपाट फरशीवर ठेवून हलच्या तळाची उंची पुढे आणि मागे मोजा. टी-९० मध्ये मोटरी आणि गिअर मागे असल्याने तिथे पाठ बसते. तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर शेवटच्या दोन चाकांचे स्प्रिंग बदला, किंवा स्प्रिंगखाली दोन-तीन मिलिमीटरची नळीची कापलेली चकती घाला. सगळेच स्प्रिंग कडक केले तर चाकं हलेनाशी होतात आणि खडबडीत जमिनीवर गाडी लाकडी पाट ओढल्यासारखी जाते. धातूचा पूर्ण खालचा हल मिळतो, तो उत्तम असतो, पण महागही असतो. त्याच पैशांत दुसरा साधा रणगाडा येऊ शकतो, हे एकदा मनाशी घोळवून मग मागवा.

आवाज, धूर, गोळी

आवाजासाठी बोर्ड बदलण्याआधी स्पीकर बदलून पाहा. हलच्या तळाला नुसता चिकटवलेला स्पीकर पातळ वाजतो, कारण त्याच्या पुढून आणि मागून निघालेल्या लहरी एकमेकींना मारतात. त्याला मागून बंद डबी दिली की खर्ज येतो. साधारण ५० ते ५७ मिलिमीटरचा स्पीकर घ्या, मागे प्लॅस्टिकच्या औषधाच्या डबीचा तुकडा चिकटवा आणि कडा हॉट ग्लूने पूर्ण बंद करा. वायरीच्या भोकातून हवा गेली तरी फरक पडतो. स्पीकरचे ओहम मूळ स्पीकरएवढेच ठेवा. आठच्या जागी चार लावला तर आवाज वाढतो, पण बोर्डावरचा अ‍ॅम्प्लिफायर तापतो.

धुराच्या यंत्रात छोटी तापणारी तार आणि तेल शोषणारी वात असते. खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी मिळतं ते धुराचं तेल दहा-पंधरा थेंब टाका. गोडेतेल जळून वातीवर काळा थर बसतो, आणि रॉकेल तर बंद हलमध्ये नेऊच नये. तेल संपल्यावर यंत्र चालू राहिलं की तार जळते. बंद पडलेल्या यंत्रांची बहुतेक कहाणी एवढीच असते.

गोळीच्या बाबतीत दोन पर्याय असतात: सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी नळी, किंवा इन्फ्रारेड ‘गोळी’. घरात मुलं असतील तर पहिला पर्याय सोडाच. इन्फ्रारेडमध्ये नळीच्या टोकाला दिवा आणि टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावर, गोल ग्राहक असतो, छंदवाले त्याला ‘ॲपल’ म्हणतात. टॅमियाच्या महागड्या रणगाड्यांमधून रूढ झालेली ही पद्धत आहे, त्यामुळे सुसंगत बोर्ड असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांचे रणगाडे एकमेकांशी लढू शकतात. कडक उन्हात ती नीट चालत नाही. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, ग्राहक त्यात बुजतो. संध्याकाळी खेळा.

गोळ्यांचं यंत्र काढून टाकलं की टरेटमध्ये भरपूर जागा होते. तिथे नळी मागे ओढणारा नऊ ग्रॅमचा धातूच्या गिअरचा सर्व्हो (हवं तेवढंच फिरणारी छोटी मोटर) बसतो. नळी पंधरा मिलिमीटर झटक्याने मागे आणि सावकाश पुढे आली की पाहणाऱ्याला ते खरं वाटतं. नळीच्या टोकाला पांढरा एलईडी थेट बॅटरीवर लावत असाल तर मधे ३३० ओहमचा रेझिस्टर घाला. भरलेल्या बॅटरीचे ८.४ व्होल्ट, त्यातून एलईडीचे साधारण ३ वजा केले की ५.४ उरतात, आणि ३३० ओहमला साधारण १६ मिलिअँपिअर येतात.

मूळ बोर्ड कमी पडतो तो मुख्यतः चालीत: दांडी थोडी हलवली की गाडी दचकून निघते. त्यावर क्लार्कचा टीके२२ किंवा जर्मनीचा एल्मॉड असे बोर्ड मिळतात. त्यांत गाडी हळूहळू वेग घेते आणि थांबताना नाक खाली करते. हे बोर्ड मूळ रिमोटवर चालतील असं गृहीत धरू नका, वेगळा चार-सहा चॅनेलचा रिमोट लागू शकतो. हाताने करायची हौस असेल तर ओपन पँझर हा मुक्त प्रकल्प आहे. त्याचा बोर्ड आर्डुइनो मेगा या हौशी लोकांच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या धर्तीवर आहे आणि आराखडे सगळ्यांना खुले आहेत. घरचा बोर्ड करणाऱ्यांनी मात्र एल२९८एन हा लोकप्रिय मोटर ड्रायव्हर वापरू नये. तो एका बाजूला दोनच अँपिअर देतो आणि दोन व्होल्ट स्वतःच खातो. बीटीएस७९६० प्रत्येक मोटरला एक असा लावा.

बोर्ड काढण्याआधी प्रत्येक प्लगचा फोटो काढा आणि तारेला कागदी टेपने नाव द्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोष बोर्डात की यंत्रात, हे एका मिनिटात कळतं. डाव्या-उजव्या मोटरींचे प्लग बोर्डावर अदलाबदल करा. पहिलीच बाजू संथ राहिली तर दोष गिअर, मोटर किंवा पट्ट्यात आहे. संथपणा दुसऱ्या बाजूला गेला तर बोर्डात किंवा रिमोटच्या ट्रिममध्ये, म्हणजे दांडीचा मध्य ठरवणाऱ्या बारीक जुळवणीत.

भीष्म करायचा असेल तर

हेंगलाँगच्या टी-९० च्या तोफेच्या दोन्ही बाजूंना लाल डोळ्यांसारखे दिवे आहेत. ही शत्रूच्या क्षेपणास्त्रांना चकवणारी रशियन ‘श्तोरा’ यंत्रणा. भारतीय टी-९० वर ती नाही. त्या जागी स्फोटक चिलखताच्या विटा आहेत. म्हणून भीष्मचं पहिलं काम हे डोळे काढणं. दिव्यांच्या तारा सोल्डर काढून टोकं हीट श्रिंक स्लीव्हने झाका, नंतर एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटच्या पाचरीसारख्या विटा करून शेजारच्या विटांच्या रेषेत बसवा. नुसत्या मोठ्या खोक्यासारख्या केल्या तर लगेच खोट्या दिसतात, त्यांच्या पुढच्या कडांचा उतार महत्त्वाचा.

रंग द्यायच्या आधी सगळं प्लॅस्टिक भांडी घासायच्या साबणाने धुवा, साच्याच्या रेषा ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आणि करडा प्रायमर मारा. वर अ‍ॅक्रिलिकचा मूळ रंग द्या. त्यावर एनॅमलचा पातळ वॉश द्यायचा, म्हणजे खाचांमध्ये सावली बसते. अ‍ॅक्रिलिकवर एनॅमल दिल्याने खालचा रंग विरघळत नाही. वॉश आणि स्टिकर यांच्या आधी चकचकीत व्हार्निशचा थर हवा, नाहीतर स्टिकरभोवती रुपेरी कड दिसते. शेवटचा मॅट व्हार्निश पावसाळ्यात मारू नका. कोकणात तर जुलैमध्ये तो हमखास दुधाळ पांढरा होतो, कारण हवेतला ओलावा थरात अडकतो. तातडीच असेल तर खोलीत एसी लावून, अगदी पातळ थर द्या.

चिखलासाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही. माती तव्यावर भाजून घ्या, म्हणजे बुरशी येत नाही, मग गाळणीने चाळा आणि पाण्यात ढिल्या केलेल्या फेव्हिकॉलमध्ये कालवा. काळी माती सुकल्यावर करडी होते, तांबडी माती तांबडीच राहते, हे लक्षात घेऊन थोडी गडद छटा मिसळा. चिखल चाकांच्या आणि हलच्या खालच्या भागालाच, सांध्यांना आणि स्प्रॉकेटच्या दातांना नाही. पट्टे जस्ताचे असल्याने त्यांना खरा तांबूस गंज चढत नाही. गंज रंगानेच दाखवा आणि जमिनीला घासणाऱ्या कडांवर मऊ पेन्सिलचं शिसं चोळा, धातूची चमक येते.

खऱ्या गाडीवर रंग कुठे उडतो, तेल कुठे ओघळतं, वेल्डिंगची रेघ कशी दिसते हे पाहायचं तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक दिवस घालवा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात चर्चिल, मॅटिल्डा आणि १९६५ च्या युद्धातले पॅटन अगदी हाताच्या अंतरावर उभे आहेत. रंग पुन्हा दिलेले असल्याने छटांसाठी त्यांवर विसंबू नका. ओतकामाचा खडबडीतपणा, पट्ट्यांची झीज आणि बोल्टची मापं यांसाठी मात्र दुसरी इतकी चांगली जागा नाही. फोटोला परवानगी आहे का ते दारातच विचारा.

मागवण्याबद्दल थोडं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं आहे. परदेशी दुकानातली किंमत पाहून हरखू नका. शुल्क कोण भरणार आणि पार्सल अडलं तर पैसे परत मिळतील का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. गिअरबॉक्स, पट्टे, स्प्रॉकेट आणि आयडलर एकाच खेपेत मागवले तर वाहतूक खर्चही वाचतो आणि पट्टे आधी बसवायचा मोहही होत नाही.

सगळं जुळल्यावर पहिली फेरी फरशीवर घ्या, गवतावर नाही. दहा मिनिटं पुढे, मागे, सावकाश वळणं. थांबवा आणि दोन्ही मोटरींना हात लावा. दोन्ही सारख्याच कोमट असतील तर ठीक. एकीवर बोट टेकवत नसेल तर त्याच बाजूचा पट्टा काढून स्प्रॉकेट हाताने फिरवून पाहा, अडकतंय ते तिथेच सापडेल. आणि पाच तास चालवल्यावर स्प्रॉकेटचे स्क्रू पुन्हा आवळा. ते पहिल्या काही फेऱ्यांत ढिले होतातच.